एमरी ओल्गिनचे चाळीस यार्ड

"हे तुला खरं वाटणार नाही, पोरा. आणि वाटलंच, तर माणसं हेरायच्या धंद्यात तू राहू नकोस," असं म्हणून मी सुरुवात केली. नेल्डानं कॉफीचं भांडं जागेवर ठेवून दिलं. तिनं भांडं ठेवलं की समजायचं, गोष्ट संपेपर्यंत दुसरा कप मिळणार नाही.

पोरगा म्हणजे ग्रेडी व्हॉस. वय सत्तावीस, अंगात कॉलेजचा हिरवा टी-शर्ट, पायात एकही डाग नसलेले बूट. टेक्सासच्या शाळाशाळांतून फिरायचं, फुटबॉल खेळणारी पोरं पारखायची आणि कॉलेजच्या संघासाठी उचलायची, हे त्याचं काम. सकाळी सात वाजता तो आमच्या बिटर वेलमध्ये, नेल्डाच्या पेट्रोल पंपावरच्या एकमेव टेबलाशी येऊन बसला होता. पुढ्यात आमच्या शाळेतल्या इसाय ओल्गिनचा कागद, उंची, वजन आणि धावायची वेळ लिहिलेला. कागद मीच धाडलेला. बिटर वेलच्या पोरांचे कागद चव्वेचाळीस वर्षं मीच धाडतो आणि मैदानावर चुन्याच्या रेघाही मीच मारतो.

"मिस्टर टॅकिट," तो म्हणाला होता, "माझ्याकडे एक जागा उरलीय आणि पोरं दोन आहेत. एक ह्यूस्टनच्या मोठ्या शाळेतला, दुसरा तुमचा. दुपारच्या आत मला फोनवर एक नाव सांगायचंय. तुमचा इसाय शुक्रवारी घोटा मुरगळून बसला, म्हणजे धावताना मी त्याला बघू शकत नाही. राहिला हा कागद. चाळीस यार्ड साडेचार सेकंदांत, असं लिहिलंय. खरंय का हे?"

"छापलेलं दिसतंय ना?" मी म्हणालो.

"आणि शिवाय तुमचा सहा जणांचा फुटबॉल, सर. मोठ्या शाळांत समोर अकरा जण उभे असतात, त्यांच्यातून फट शोधावी लागते. तुमच्याकडे सहाच. जागाच जागा. तिथं माझी आजीसुद्धा चेंडू काखेत मारून शेवटच्या रेघेपलीकडे जाईल, टचडाउन करून येईल."

"आजीची उंची किती?" होइटनं विचारलं. होइट प्रुएट हा आमच्या सामन्यांचा भोंगा. तीस वर्षं माइकवर ओरडून त्याचा आवाज घोगरा झालाय. "नाही, आम्हाला या वर्षी एक पोरगा कमी पडतोय. आजीचं सामान घेऊन ये."

ग्रेडी हसला, पण कागदावरचं बोट त्यानं काढलं नाही. बोट साडेचारवरच होतं.

आता कागद कसा वाचायचा हे मला कुणी शिकवायला नको. सगळ्या टेक्सासात पोराची उंची दोन इंच वाढवून लिहायची रीत आहे. कॉलेजवाले दोन इंच वजा करूनच वाचतात. म्हणजे खरी उंची लिहिणारा मूर्ख, कारण त्याचा पोरगा विनाकारण दोन इंचांनी बुटका ठरतो. वजनाचं तसंच. मुठीत दगड घेऊन काट्यावर उभी राहिलेली पोरं मी पाहिलीत. पण धावण्याची वेळ लिहिताना मी कधी हात सैल सोडला नाही, आणि कागदाच्या तळाशी एक ओळ आपली जास्तीची लिहितो. ती कुणी विचारत नाही. इसायबद्दल लिहिलं होतं, 'पाडला तर आधी चेंडू पंचाच्या हातात देतो, मग उठतो.'

चव्वेचाळीस वर्षं कागद धाडले, ते कशासाठी? शनिवारी दुपारी मी रेडिओ लावून बसतो. कॉलेजचे सामने चालू असतात. कोण जिंकतंय याचं मला काही नाही. पोरगा मैदानात उतरला की निवेदक त्याचं नाव सांगतो, उंची सांगतो आणि मग गावाचं नाव सांगतो. त्या गावाच्या नावासाठी मी बसतो. अशी अशी गावं ऐकलीत की नकाशावर माशी बसली तर झाकली जातील. आमचं नाव अजून आलेलं नाही. माझं वय एक्याऐंशी. बायको होती तोवर म्हणायची, अहो, बॅटरी तरी वाचवा.

तर ग्रेडीला मी म्हणालो, "तुला इसायचं विचारायचंय ना? मग त्याच्या बापापासून ऐक. समोर टायरचं दुकान दिसतंय? तो एमरी ओल्गिन. तेवीस वर्षांपूर्वी तो पोरगा असा धावायचा, की पाठीवरचा नंबर दुहेरी दोऱ्यानं शिवावा लागायचा. एकेरी दोऱ्यानं शिवला तर नंबर मागं राहायचा."

"झालं सुरू," नेल्डा म्हणाली.

"खोटं असेल तर सांग, नेल्डा. शिवायचीस तूच."

"शिवायची मीच. पण त्याच्या आईकडे मशीन नव्हतं म्हणून."

"त्याची आई संध्याकाळी दारातून हाक मारायची," मी पुढे गेलो, "तर एमरी जेवायला बसल्यावर ती हाक त्याच्या मागनं घरात यायची. तो आडवा गेला की धूळ उठायची, पण कधी? तो बाकावर बसून पाणी पिऊन झाल्यावर. आणि आमच्याकडे एक नियम आहे, पंचेचाळीस गुणांनी पुढे गेलात की अर्ध्यावर सामना संपतो. त्या वर्षी आख्ख्या ऑक्टोबरात बिटर वेलनं उत्तरार्ध पाहिलाच नाही. होइट, खोटंय?"

"हे खरंय," होइट म्हणाला. "उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या बाईनं शाळेकडे तक्रार केली होती."

ग्रेडी कॉफी पीत होता. घड्याळाकडे त्याचं लक्ष होतं, पण उठला नव्हता. उठला नाही तोवर माझी आशा शाबूत.

"मैदानाचं ऐक आता," मी म्हणालो, "कारण तुझा प्रश्न मैदानाचाच आहे. सहा जणांचं मैदान लांब ऐंशी यार्ड, रुंद चाळीस. मग चाळीस यार्डांची वेळ घ्यायला मोजायची फीत कशाला हवी? या कडेच्या रेघेवर पोरगा उभा करायचा, त्या कडेच्या रेघेवर घड्याळवाला. धाव म्हणायचं. आमच्या बापजाद्यांपासून हीच पद्धत."

ग्रेडीनं मान वर केली. "म्हणजे फीत कधीच लावली नाही?"

"एकदा लावली. तीच तर गोष्ट आहे."

मग मी त्याला चुन्याचं सांगितलं. दर ऑगस्टला मी अकरा पिशव्या चुना आणायचो आणि अकराही संपायच्या. पुढे पुढे अर्धी पिशवी उरायला लागली. मग एक. मला वाटलं, हात सुधारला. मिशीला पीळ देत फिरत होतो. आणि एमरीच्या शाळेच्या शेवटच्या वर्षी, वसंतात, पूर्वेकडच्या एका कॉलेजचं पत्र आलं की आमचा माणूस गुरुवारी दहा वाजता तुमचा पोरगा बघायला येतोय. त्या गुरुवारी पहाटे रेघा ताज्या करायला गेलो तर दीड पिशवी उरली. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. घरी गेलो, कोठारातली लोखंडी फीत आणली आणि मैदान आडवं मोजलं.

"किती भरलं?" ग्रेडीनं विचारलं.

"साडेसदतीस."

"अडीच यार्ड कमी!"

"पिकअपांमुळं," होइट म्हणाला.

पिकअपांमुळंच. आमच्याकडे सामना कुणी बाकावर बसून बघत नाही. पिकअपचं तोंड मैदानाकडे करून रेघेला लागून लावायचं, आतून बघायचं, टचडाउन झाला की हॉर्न दाबायचा. जागा धरायला लोक दुपारीच गाड्या आणून लावतात. प्रत्येकाला वाटतं, आपलं नाक शेजाऱ्याच्या पुढे असावं. चाकांनी माझी रेघ पुसली जायची. मग पुढच्या ऑगस्टला मी चाकांच्या आतल्या बाजूनं नवी मारायचो. वर्षाला चार-पाच बोटं. माणसाचं पोट पुढे येतं तसं आमचं गाव मैदानात शिरत गेलं आणि कुणाला कळलं नाही.

"म्हणजे एमरीची वेळ..." ग्रेडी म्हणाला.

"साडेसदतीस यार्डांची होती. कागदावर मी लिहिलं होतं चाळीसची. माणूस आठशे मैलांवरून ते वाचून निघालेला. आणि मी तिथं एकटा, हातात फीत, पायाशी दीड पिशवी चुना. वारा सुटलेला. तुला वाऱ्याचं सांगितलं नाही. आमच्या गावात टोपी कुणी विकत घेत नाही. पश्चिमेकडच्या गावांतनं उडून येतात, कुंपणाला अडकतात, रविवारी चर्च सुटल्यावर ज्यानं त्यानं आपल्या मापाची काढून घ्यायची."

"टोप्या राहू द्या, सर. तुम्ही काय केलंत?"

हा प्रश्न मला दरवेळी कुणीतरी विचारतंच. दरवेळी मी कपातलं उरलेलं पितो आणि मग उत्तर देतो.

"काय करणार? जुनी रेघ बुटानं पुसली. अडीच यार्ड बाहेर सरकलो, पुरे चाळीस मोजले आणि नवी मारली. दहा वाजता पाहुणा आला तेव्हा चुना अजून उडत होता. एमरीला मी काही बोललो नाही. पोराच्या डोक्यात आकडे घालू नयेत."

दाराची घंटा वाजली. कोण आलं ते मी पाहिलं नाही. माझी पाठ दाराकडे होती आणि गोष्ट रंगात असली की मी वळत नाही. होइटनं मात्र या जागी टोमणा मारायला हवा होता. तो साखरेच्या पुड्या एकावर एक रचत बसला.

"आणि पोरगा धावला, ग्रेडी! खऱ्या चाळीस यार्डांत. वारा मध्येच थांबला, बघायला. पाहुण्याच्या घड्याळात साडेचार. त्यानं घड्याळ झटकलं, कानाला लावलं. पुन्हा धाव म्हणाला. पुन्हा साडेचार. तिसऱ्यांदा त्यानं घड्याळ खिशात ठेवलं आणि टोपी काढली. स्वतःची होती, विकत घेतलेली."

"घेतला त्याला?"

"घेतला म्हणजे? पूर्ण शिक्षण, राहणं, जेवण. ऑगस्टात आख्खं गाव बसपर्यंत सोडायला. तिथं नदीकाठी वसतिगृह. तिसऱ्या मजल्यावर खोली. खिडकीतून नदी दिसायची, पलीकडे झाडं, इतकी की एका झाडाची सावली दुसऱ्याच्या अंगावर पडायची. आपल्याकडे सावलीला पडायला माणूससुद्धा मिळत नाही. टेबल, दिवा, भिंतीवर दोन खिळे आधीच्या पोरानं ठोकलेले. एकावर त्यानं बूट टांगले. आणि सप्टेंबरचा दुसरा शनिवार. साठ हजार माणूस. एमरी बोगद्यातनं बाहेर आला आणि वरनं आवाज आला..."

इथं मी होइटकडे बघतो आणि होइट तो आवाज काढतो. तीस वर्षांचा माइकवाला आहे, काढतोही असा की अंगावर काटा यावा. 'एमरी ओल्गिन! पाच फूट अकरा! बिटर वेल, टेक्सास!' आज त्यानं काढला नाही. पुड्यांचा मनोरा झाला होता, तो त्याला पुरे वाटत होता.

म्हणून मीच म्हणालो, हळू. "बिटर वेल, टेक्सास."

नेल्डा फडक्यानं काउंटर पुसत होती. एकच जागा पुसत होती. "वर्लिन," ती म्हणाली, "पुरे आता. त्या पोराला कामं आहेत."

"पण मग," ग्रेडी म्हणाला, "एवढं सगळं झालं, तर ते इथं टायर का बदलताहेत?"

पोरगा हुशार. मला तो आवडायला लागला होता. इसाय याच्याच हाती जावा असं वाटलं आणि मी जरा जास्तच जोरात निघालो.

"घरची ओढ! दुसरं काय? तिथलं पाणी गोड. आपल्या विहिरीचं कडू. त्या गोड पाण्याची कॉफी त्याच्या घशाखाली उतरेना. तिथं वारा नाही. पोरगा जन्मापासून वाऱ्यावर रेलून चालायला शिकलेला, तिथं रेलला की पडायचा. आईला फोन करायचा आणि काही बोलायचाच नाही. म्हणायचा, आई, फोन खिडकीबाहेर धर. ती बिचारी हात बाहेर काढून उभी राहायची. इथला वारा तासतासभर तिकडे ऐकायचा. थंडी पडायच्या आत सामान बांधून परत आला. तिथल्या कोचनं हात जोडले. हा म्हणाला, नाही सर, मला तो आवाज ऐकू आल्याशिवाय झोप लागत नाही. तर सांगायचा मुद्दा काय, बिटर वेलचा माणूस एकदा तिथवर जाऊन आलाय. खऱ्या चाळीस यार्डांवर गेलाय. आणि इसाय त्याचाच..."

"वारा ऐकायला मी फोन केला नव्हता," मागून कुणीतरी म्हणालं.

एमरी पुढे आला. एका हातात चांदीच्या कागदात गुंडाळलेला न्याहारीचा बरिटो, बोटांना टायरचं काळं. त्यानं टोपी काढली, नेल्डाकडे बघून मान हलवली, मग ग्रेडीकडे बघून. ग्रेडी उठून उभा राहिला.

"ये, बस," मी म्हणालो. "तुझंच चाललंय. शेवट तेवढा राहिलाय."

"ऐकला, मिस्टर वर्लिन. फ्रीजपाशी उभा होतो. आजही छान सांगितलंत. माझी आई हात बाहेर काढून उभी राहते ते मला फार आवडतं. तिलाही आवडायचं."

"मग बस की."

तो बसला नाही. ग्रेडीला म्हणाला, "सर, मी इसायचा बाप. तुमचा वेळ जातोय म्हणून लगेच सांगतो. मी त्या कॉलेजात थंडीपर्यंत नव्हतो. गुरुवारी मी इथं साडेचार सेकंदांत धावलो हे खरं. त्यावरून त्यांनी जूनमध्ये बोलावलं, नीट पारखायला. बसनं सतरा तास. तिथं फीत लावून आखलेले चाळीस यार्ड होते. मी तिथं पावणेपाच सेकंद होतो. मग त्यांनी हात मिळवला, सँडविच दिलं आणि परतीच्या बसला बसवलं. नदी असेल. मी पाहिली नाही."

"प्रवासानं थकला होतास," मी म्हणालो. "मी तेव्हाही म्हणालो होतो."

"म्हणाला होतात. मलाही तेच वाटलं. वाटलं, माझे पाय ऐन वेळी मला फसवून गेले. त्या उन्हाळ्यात मी त्यांना काय काय बोललो, पायांना." तो जरासा हसला. "मग ऑगस्ट आला. तुम्ही रेघा मारत होतात, मी कुंपणाबाहेर उभा. जुनी रेघ गवतात जळून पिवळी पडलेली दिसत होती. नवी तुम्ही तिच्या बाहेर मारत होतात. तुम्ही गेल्यावर मी आत शिरलो आणि मधलं अंतर पावलांनी मोजलं."

होइटचा मनोरा पडला आणि तो गोळा करायला कुणी वाकलं नाही.

"बोलला का नाहीस?" मी विचारलं. माझा आवाज मलाच म्हाताऱ्याचा वाटला.

"काय बोलू? पुढच्या वर्षी तुम्ही ती गोष्ट सांगायला लागलात. आधी वाटलं, उठून जावं. मग खिडकी आली, नदी आली, ते दोन खिळे आले. मी दुकान बंद करून ऐकायला यायला लागलो. तुम्हाला पाठ दाराकडे करून बसायची सवय, तुम्हाला दिसायचं नाही. मिस्टर वर्लिन, त्या खोलीत मी पुष्कळ राहिलोय. तुमच्यापेक्षा जास्त. टेबल खिडकीकडे सरकवलंय मी." त्यानं बरिटो टेबलावर ठेवला आणि टोपी दोन्ही हातांत घेतली. "पण आज माझ्या पोराचं नाव या गोष्टीत आलंय. त्याला त्या खोलीत जायचंय, खरोखरच्या."

मग तो ग्रेडीकडे वळला. "मैदान आता पुरं आहे, सर. तेवीस वर्षं पुरं आहे. दर ऑगस्टला रेघा मारून झाल्या की मी मागनं जाऊन फीत लावतो. पोरगा साडेचार सेकंदांत धावतो, ते पुरे चाळीस यार्ड. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, मी त्याचा बाप. फीत माझ्या ट्रकमध्ये आहे. एक टोक तुम्ही धरा."

ग्रेडीनं कागदाची घडी घातली. खिशात ठेवायची की टेबलावर, हे त्याचं ठरेना. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याला गोष्टीचं उरलेलं काहीतरी द्यावं म्हणून तोंड उघडलं.

"पोरा, तो गुरुवार तुला..."

"नाही," एमरी म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण बाहेर पेट्रोल भरणारा माणूससुद्धा वळून बघायला लागला. "त्या गुरुवारी तुम्ही रेघ हलवली नव्हती, मिस्टर वर्लिन. ती ऑगस्टात हलली, मी परत आल्यावर. तुमचं ते गुरुवारचं खोटं आहे."